नेव्हल आर्किटेक्टने स्वतःच्या घराचा प्लॅन काढला तेव्हा: सूट कुठपर्यंत आणि सही कोणाची

मी आर्किटेक्ट आहे. मामाचा फोन आला तेव्हा मी साइटवर होते, स्लॅबचं शटरिंग बघत होते, आणि मामा कधी दुपारचा फोन करत नाही त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. पण तब्येतीचं काही नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, "बाय, मी तीस वर्षं खोटं नाव लावत होतो काय गो?"

मामा नेव्हल आर्किटेक्ट आहे, म्हणजे जहाजांचं डिझाइन करणारा. खरगपूरला शिकला, मग सगळी नोकरी वास्कोच्या बाजूला एका यार्डात, बार्ज, टग, प्रवासी लाँच असली कामं. रिटायर झाल्यावर फोंडा तालुक्यात, झुआरीपासून जवळच, वाटणीत आलेल्या जागेवर त्याने घर बांधायचं ठरवलं. तळमजल्याचं चिऱ्याचं घर, वर मंगळुरी कौलं, मागच्या बाजूला पाणी-टाकीपुरती सपाट स्लॅब, मधे छोटंसं राजांगण कारण मामीला तुळस घराच्या आत पाहिजे होती. ड्रॉइंग सगळी त्याने स्वतः काढली, हाताने, आणि खरं सांगते, आजकाल तसं लाइनवर्क बघायला मिळत नाही. खाली टायटल ब्लॉकमध्ये नाव, त्याच्याखाली "नेव्हल आर्किटेक्ट", आणि सही.

फाइल परत आली. शेरा असा की प्लॅनवर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची सही आणि नोंदणी क्रमांक नाही. काउंटरवर त्याला तोंडी विचारलं गेलं की तुम्ही आर्किटेक्ट लिहिलंय तर तुमचा सीए नंबर, म्हणजे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक, सांगा. आणि तिथेच रांगेत उभ्या असलेल्या एका ओळखीच्या माणसाने, वाईट हेतूने नाही, पण मोठ्याने सांगितलं की काउन्सिलकडे नोंद नसताना आर्किटेक्ट लावणं हा गुन्हा आहे, दंड होतो, जेल पण होऊ शकते. मामा घरी गेला आणि जेवला नाही. मामीने नंतर सांगितलं मला.

म्हणजे प्रश्न दोन होते आणि दोन्ही एकात एक गुंतलेले. एक, मामाने एवढी वर्षं लावलेलं नाव कायद्याला धरून होतं का? दोन, त्या नावाच्या जोरावर त्याला स्वतःच्या घराचा प्लॅन पास करून घेता येतो का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे समजावून घेताना मामाला त्रास झाला, त्याच्या वकील मित्राला झाला आणि मला सुद्धा दोन रात्री कायदा पुन्हा वाचावा लागला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी नावाचं बघू. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ चा. त्यातलं कलम ३७ सांगतं की नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा सगळे भागीदार आर्किटेक्ट असलेली फर्म सोडून कोणीही "आर्किटेक्ट" हे नाव आणि उपाधी वापरायची नाही. वापरली तर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रांगेतल्या माणसाने सांगितलेली जेल ती ही, म्हणजे दुसऱ्या वेळची. आणि कलम ३९ असं की काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या आदेशाने किंवा काउन्सिलने अधिकार दिलेल्या माणसाने तक्रार केली तरच कोर्ट त्या गुन्ह्याची दखल घेतं. शेजाऱ्याने किंवा ऑफिसातल्या कोणी उठून थेट कोर्टात जायचं असं ते नाहीय. हे मी मामाला सगळ्यात आधी सांगितलं, कारण माणूस घाबरलेला असला की पुढचं काही डोक्यात शिरत नाही.

पण मामाच्या बाबतीत तिथपर्यंत जायचीच गरज नव्हती. त्याच कलम ३७ ला परंतुक आहे आणि त्यात सूट दिलेली आहे. "लँडस्केप आर्किटेक्ट" किंवा "नेव्हल आर्किटेक्ट" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला हे कलम लागू नाही. आणि दुसरी सूट परदेशात आर्किटेक्टचा व्यवसाय करणाऱ्याला, जो केंद्र सरकारची आधी परवानगी घेऊन भारतात एका ठराविक प्रोजेक्टसाठी सल्लागार किंवा डिझायनर म्हणून काम करतो. बस, एवढ्याच. खाली स्पष्टीकरण पण दिलंय: लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे झाडं-झुडपं आणि निसर्गरचना यांच्या संदर्भात मोकळ्या जागांचं डिझाइन करणारा, आणि नेव्हल आर्किटेक्ट म्हणजे जहाजांचं डिझाइन आणि बांधणी करणारा आर्किटेक्ट.

ही सूट का आहे हे गोव्यातल्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको. वास्कोला गोवा शिपयार्ड १९५७ पासून आहे, पोर्तुगीज काळात सुरू झालेलं, आणि झुआरी-मांडवीच्या काठावर बार्ज बांधणारे छोटे यार्ड आपण लहानपणापासून बघतोय. जहाजाचं डिझाइन करणाऱ्याला जगभर नेव्हल आर्किटेक्टच म्हणतात, तो शब्द त्या धंद्याचा आहे, घरांच्या आर्किटेक्टकडून उसना घेतलेला नाही. ब्रिटनचा १९९७ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट बघितला तर त्यात पण नेव्हल आणि लँडस्केप आर्किटेक्टला हे नाव वापरायला मोकळीक आहे, आणि त्यांच्याकडे तिसरा एक आहे, गोल्फ कोर्स आर्किटेक्ट! हे सांगितल्यावर मामा दोन दिवसांनी पहिल्यांदा हसला.

तर पहिलं उत्तर झालं. तीस वर्षं त्याने व्हिजिटिंग कार्डावर, टेंडरवर, लग्नपत्रिकेवर "नेव्हल आर्किटेक्ट" लिहिलं त्यात काहीही चूक नव्हती. फक्त एका ठिकाणी मी त्याला थांबवलं. त्याच्या ईमेलच्या सहीत नावाच्या आधी "आर्." (आर्किटेक्टचं लघुरूप) होतं, आणि गावच्या देवस्थानाच्या एका छापील पत्रिकेत देणगीदारांच्या यादीत नुसतं "आर्किटेक्ट" असं त्याच्या नावापुढे आलेलं. नेव्हल हा शब्द काढला की सूट पण गेली, कारण सूट त्या जोडशब्दाला आहे. मामाने त्याच संध्याकाळी ईमेलची सही बदलली आणि देवस्थानवाल्यांना पुढच्या वेळी दुरुस्त करायला सांगितलं. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, आपल्याकडे प्रेमाने एखादी उपाधी पुढे लागतेच, पण जे नाव कायद्याने राखून ठेवलंय ते प्रेमाने पण लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गुंतागुंत इथे आहे.

मामाचा मित्र मडगावला वकिली करतो. त्याने परंतुकाचे शब्द काढून दाखवले, आणि त्याचा मुद्दा हलका नव्हता. तो म्हणाला, बघ, इथे नुसतं "नेव्हल आर्किटेक्ट हे नाव वापरणं" असं लिहिलेलं नाही, इथे लिहिलंय की नेव्हल आर्किटेक्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने "आर्किटेक्टचा व्यवसाय करणं" याला हे कलम लागू नाही, म्हणजे व्यवसाय करायलाच सूट आहे, मग घराचं डिझाइन हा आर्किटेक्टचाच व्यवसाय, तर मामाने का करू नये आणि त्याची सही का चालू नये? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गप्प बसले. शब्द तसेच आहेत, नाकारता येत नाहीत.

मग मी मागून पुढे वाचत गेले. सूट कशापासून आहे? "या कलमापासून". आणि हे कलम मुळात मनाई कशाला करतं? नाव आणि उपाधी वापरायला. म्हणजे सूट मिळाली तर ती नावाच्या मनाईतून मिळाली, त्यापलीकडे तिने काही दिलेलं नाही. त्यात स्पष्टीकरण आहेच की नेव्हल आर्किटेक्ट म्हणजे जहाजांचं काम करणारा, तेव्हा त्या परंतुकातला "व्यवसाय" पण जहाजांचाच धरावा लागतो. आणि मग दोन कलमं अशी आहेत की ती वाचली की मित्राचा मुद्दा टिकत नाही. कलम २ मध्ये आर्किटेक्टची व्याख्या आहे: ज्याचं नाव सध्या रजिस्टरमध्ये आहे तो. आणि कलम ३५ सांगतं की कुठल्याही चालू कायद्यात "आर्किटेक्ट" असा उल्लेख आला तर तो या कायद्याखाली नोंदलेल्या आर्किटेक्टचाच उल्लेख समजायचा. कलम ३७ ची सूट मामाला कलम २ च्या आत नेत नाही. तो नेव्हल आर्किटेक्ट हे नाव लावू शकतो, पण दुसऱ्या एखाद्या नियमात "आर्किटेक्टची सही पाहिजे" असं लिहिलं असेल तर तिथे तो आर्किटेक्ट ठरत नाही.

आणि गोव्यात तसा नियम आहे. आपल्याकडे २०१० ची लँड डेव्हलपमेंट अँड बिल्डिंग कन्स्ट्रक्शन रेग्युलेशन्स लागू आहेत, मधे कितीतरी दुरुस्त्या झाल्या तरी सांगाडा तोच. त्यात प्लॅन कोणी तयार करून सही करायचा, स्ट्रक्चरची जबाबदारी कोणी घ्यायची हे ठरवलेलं आहे, आणि नगर नियोजन खात्याकडे आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. गावात घर बांधायचं तर आधी नगर नियोजनची टेक्निकल क्लिअरन्स, मग पंचायतीचं कन्स्ट्रक्शन लायसन्स, त्याआधी जागा सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या झोनमध्ये) आहे का, सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आहे का, फॉर्म एक-चौदावर (सातबारासारखा आपला उतारा) नाव बरोबर आहे का, हे सगळं आलंच. मामाची सनद होती, नाव होतं, मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) काही वाद नव्हता. अडलं फक्त सहीवर.

हे दोन थर वेगळे का, असं मामीने विचारलं, आणि मला तिचा प्रश्न वकिलाच्या प्रश्नापेक्षा जास्त आवडला. साधं कारण असं की व्यवसाय हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती यादीत येतो, त्यावर संसदेने कायदा केला आणि देशभर नाव राखून ठेवलं. पण जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याचे विषय, म्हणून कुठल्या जागेवर काय बांधायचं, परवानगी कोणी द्यायची, सही कोणाची चालणार हे राज्य ठरवतं. दिल्लीच्या कायद्याने नावाला मोकळीक दिली म्हणून पणजीच्या नियमातली सहीची अट उडत नाही.

इथे मला माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. आपल्यातले कितीतरी आर्किटेक्ट क्लायंटला बिनधास्त सांगतात की घराचं डिझाइन आर्किटेक्टनेच करायचं असा कायदा आहे, दुसऱ्याने केलं तर बेकायदेशीर. असं नाहीय हो. १९७२ चा कायदा आणताना त्याच्या उद्देशपत्रातच लिहिलं होतं की हा कायदा आर्किटेक्ट हे नाव जपतो पण इमारतींचं डिझाइन, देखरेख आणि बांधकाम करायचा एकट्याचा हक्क आर्किटेक्टला देत नाही, आणि इंजिनिअरसारखे दुसरे लोक स्वतःला आर्किटेक्ट न म्हणवता आपलं काम करत राहतील. वकिलांचा १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट बघा, तिथे वकिलीचं कामच ॲडव्होकेटसाठी राखून ठेवलंय. आपल्याकडे तसं कलमच नाही.

यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल पण आहे, १७ मार्च २०२० चा, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल. प्रकरण नोएडा प्राधिकरणातल्या बढतीचं होतं, आर्किटेक्टची नोंदणी नसलेल्या माणसाला असोसिएट आर्किटेक्ट करण्याबद्दल. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती रस्तोगी यांनी सांगितलं की कलम ३७ फक्त नाव आणि उपाधी वापरायला मनाई करतं, आर्किटेक्ट करतात ती कामं करायला नोंदणी नसलेल्या माणसाला मनाई करत नाही. पण ज्या पदाच्या नावातच आर्किटेक्ट शब्द आहे त्या पदावर बिननोंदणीचा माणूस बसवता येणार नाही. काही आर्किटेक्टना हा निकाल लागला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मला उलट तो प्रामाणिक वाटला, जे कायद्यात लिहिलंय तेच वाचलं. कायदा बदलायचा असेल तर संसदेकडे मागणी करावी, क्लायंटला घाबरवून काय होणार.

पोर्तुगालमध्ये नेमकं उलटं झालं. तिथे १९७३ च्या एका डिक्रीने आर्किटेक्ट नसलेल्या लोकांना पण प्रोजेक्टवर सही करायची मुभा दिली होती, ती आर्किटेक्ट लोकांनी कितीतरी वर्षं विरोध करून शेवटी २००९ च्या कायद्याने बदलून घेतली. गोवा १९६१ लाच मुक्त झाला होता त्यामुळे आपला त्याच्याशी संबंध आला नाही, पण दोन्हीकडचं बघितलं की कळतं की सही कोणाची हा प्रश्न प्रत्येक देशाने आपापल्या परीने सोडवलाय. मामाची मुलगी कॅलिफोर्नियाला असते, तिने फोनवर सांगितलं की इथे दोन मजल्यांपर्यंतचं लाकडी चौकटीचं एका कुटुंबाचं घर असेल तर आर्किटेक्टचं लायसन्स लागतच नाही. बरोबर आहे तिचं, तिथल्या कायद्यात घराच्या प्रकारावर सूट आहे. आपल्या आर्किटेक्ट्स ॲक्टमध्ये सूट इमारतीला नाहीच, ती माणसाच्या ओळखीला आहे, म्हणून "घर लहान आहे ना, मग काय" हा युक्तिवाद त्या कायद्यासमोर चालत नाही. तिने असंही सुचवलं की तिच्या ओळखीचा एक तिथला आर्किटेक्ट डिझाइन करून देईल. मी म्हटलं, मैत्रीत स्केच पाठवलं तर आनंदाने बघू, पण या प्रोजेक्टचा आर्किटेक्ट म्हणून त्याचं नाव घालायचं तर केंद्र सरकारची आधी परवानगी पाहिजे, आणि तीन खोल्यांच्या घरासाठी ते कोण करत बसणार. विषय तिथेच संपला.

आता कामाचं. फाइल परत आली त्याच आठवड्यात मामाला कोणीतरी सोपा रस्ता सांगितला. ड्रॉइंग तुमचीच ठेवा, थोडे पैसे द्या, अमका सही आणि शिक्का देतो, तो बघत पण नाही आत काय आहे. हे गोव्यात चालतं, दुसरीकडे पण चालतं, सगळ्यांना माहीत आहे, आणि मला याचा राग येतो तेवढा "आर्किटेक्ट" असा खोटा बोर्ड लावणाऱ्याचा पण येत नाही. बोर्डवाला निदान काम तरी स्वतः करतो. न वाचता सही करणारा माणूस ज्या एका गोष्टीसाठी नोंदणी असते तीच विकतो. उद्या छज्जा पडला तर कागदावर जबाबदार तो, आणि त्याने साइट बघितलेली पण नसते.

मामाने मग मलाच विचारलं, तू नोंदणीकृत आहेस, तू कर की सही, आपल्याच घरातलं काम. मी नाही म्हटलं. वाईट वाटलं म्हणायला. ज्या माणसाने मला लहानपणी सेट-स्क्वेअर धरायला शिकवलं त्याला मी सांगत होते की तुझ्या ड्रॉइंगवर मी अशी सही करणार नाही. पण मी पुढे हे पण सांगितलं की मला एक महिना दे, तुझ्याबरोबर बसून प्रत्येक शीट तपासते, जे बदलायला पाहिजे ते बदलू, नव्याने काढू, आणि जेव्हा ते ड्रॉइंग मला माझं वाटेल तेव्हा सही करीन, आणि स्ट्रक्चरसाठी वेगळा इंजिनिअर घेऊ.

तो थोडा वेळ गप्प बसला, आणि मग जे बोलला त्याने सगळं प्रकरण माझ्यासाठी उलगडलं. म्हणाला, "यार्डात पण असंच होतं गो. माझ्या ड्रॉइंगवर माझी सही असायची, पण क्लासचा शिक्का पडल्याशिवाय प्लेट कापायची नाही." म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारखी क्लासिफिकेशन सोसायटी असते, ती जहाजाची ड्रॉइंग तपासते, मंजूर करते, बांधताना सर्व्हेयर येतो, मग सर्टिफिकेट. नेव्हल आर्किटेक्टला आर्किटेक्टच्या कायद्यातून सूट आहे म्हणजे त्याला कोणी विचारणारं नाही असं कधीच नव्हतं. त्याच्या कामाला तपासणारी व्यवस्था समुद्राच्या बाजूला आहे, घराच्या कामाला तपासणारी व्यवस्था जमिनीच्या बाजूला. त्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या शिक्क्याची वाट बघितली होती आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. इथे वाटला कारण काउंटरवर त्याच्या नावावरच शंका घेतली गेली. नावाचा प्रश्न सुटल्यावर सहीचा प्रश्न त्याला अगदी साधा वाटला.

मग आम्ही बसलो. महिना म्हटलं होतं, दोन लागले. मामाच्या ड्रॉइंगमध्ये काय काय होतं ते सांगायलाच पाहिजे, कारण "जहाजवाल्याला घरातलं काय कळणार" असं म्हणणारे होतेच. पडवीच्या फरशीला त्याने मधून दोन्हीकडे हलका उतार दिलेला, डेकला देतात तसा, म्हणजे पावसाची झड आत आली तरी पाणी साचत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याने पन्हळीचा आकार खरंच त्या हिशोबाने काढला होता. खोल्या लहान पण कपाटं सगळी भिंतीत, केबिनसारखी, एक इंच फुकट नाही. माळ्यावर जायच्या जिन्याखाली पण ड्रॉवर. हे मी एकाही ठिकाणी बदललं नाही.

पण चुका पण होत्या आणि त्या नेमक्या तिथे होत्या जिथे जहाज आणि घर वेगळं होतं. पोलादात आयुष्य गेलेल्या माणसाने चिऱ्याच्या भिंतीत मोठमोठ्या खिडक्या एकमेकींना चिकटून ठेवल्या होत्या, मधला खांब जेमतेम एका चिऱ्याचा. पोलादाची चौकट ताण घेते, चिरा ताण घेत नाही, त्याला दाब चालतो. इंजिनिअरने बघितल्या बघितल्या बोट ठेवलं. लिंटेलच्या पातळीवर, म्हणजे दार-खिडक्यांच्या लगेच वर, सलग आरसीसी पट्टा नव्हता, तो घातला. मागच्या स्लॅबवर पाण्याची टाकी एका कोपऱ्यात होती, ती भिंतीच्या वर सरकवली. सळीवर काँक्रीटचं कव्हर किती हे शीटवर लिहिलेलंच नव्हतं, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत ती गोष्ट विसरून चालत नाही, गोव्यातल्या कितीतरी बिल्डिंगच्या बाल्कन्यांच्या खाली गंजलेली सळी दिसते ती याच हलगर्जीपणाची. मामाने गंजाबद्दल आम्हाला दोघांना मिळून जेवढं माहीत नव्हतं तेवढं सांगितलं, पण काँक्रीटमधलं कव्हर हा त्याचा विषय नव्हता. हद्दीपासून सोडायचं अंतर एका बाजूला कमी पडत होतं, तिथे मामीचं स्वयंपाकघर थोडं आत घ्यावं लागलं, त्यावर वाद झाला, तो घरातला होता, इथे लिहीत नाही.

या सगळ्यात माझ्या मामेवहिनीचं पण एक प्रकरण निघालं. ती दापोलीला शेतीचं शिकलीय, बागांची कामं घेते, बार्देशकडच्या बंगल्यांची वगैरे, आणि तिच्या कार्डावर "लँडस्केप आर्किटेक्ट" आहे. मामाचं ऐकून ती पण घाबरली. तिला मी तेच परंतुक दाखवलं, नाव लावायला अडचण नाही. पण मामाच्या अंगणासाठी तिने जे काढलं होतं त्यात एका कोपऱ्यात कौलाचं छप्पर असलेली बसायची जागा होती, पक्क्या खांबांची. झाडं, पायवाट, तळं, बसायचे कट्टे हे मोकळ्या जागेचं डिझाइन झालं. छप्पर आलं, खांब आले की ते बांधकाम, कव्हरेजमध्ये (प्लॉटवरच्या बांधलेल्या क्षेत्रात) धरावं लागतं आणि मंजूर प्लॅनमध्ये दाखवावं लागतं. तिने ते काढून वेलीचा मांडव केला, आणि मला वाटतं तो जास्त छान दिसणार आहे, मधुमालती चढवणार म्हणतेय.

शेवटच्या शीटच्या टायटल ब्लॉकचं आम्ही बराच वेळ बोललो. कोणी सुचवलं की मराठीत "वास्तुविशारद" लिहू मामाच्या नावापुढे, कायद्यात तर आर्किटेक्ट हा शब्द आहे. मला ते अजिबात पटलं नाही. वास्तुविशारद म्हणजे आर्किटेक्टच, वाचणारा तेच समजणार, आणि उपाधी भाषा बदलून वापरली तर ती दुसरी होते असं मला वाटत नाही. "आर्किटेक्चरल कन्सल्टंट" वगैरे शब्दांचं पण तेच, ज्याला शब्दाचा आडोसा घ्यावा लागतो त्याने तो शब्दच घेऊ नये. मामाने स्वतःच सुचवलं ते शेवटी ठेवलं. मालक आणि मूळ संकल्पना, त्यापुढे त्याचं नाव, खाली नेव्हल आर्किटेक्ट, निवृत्त. आर्किटेक्टच्या रकान्यात माझं नाव आणि सीए नंबर. स्ट्रक्चरच्या रकान्यात इंजिनिअरचं नाव आणि त्याचा नोंदणी क्रमांक. तीन नावं, प्रत्येकाने जे केलं तेवढंच त्याच्यापुढे.

त्याच काउंटरवर मामा स्वतः फाइल घेऊन गेला, मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाला. या वेळी कोणी नावाबद्दल विचारलं नाही. क्लिअरन्स मिळाली, मग पंचायतीचं लायसन्स, आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर पाया खणायला घेतला. आता चिरे लिंटेलपर्यंत आलेत. मामा रोज सकाळी साइटवर असतो, गवंड्याला ओळंबा धरून दाखवतो, आणि गवंडी मला फोन करून सांगतो की म्हातारा दोन मिलिमीटर पण सोडत नाही.

नदीच्या बाजूला त्याला आता एक लहान होडी बांधायची आहे, फणसाच्या लाकडाची, नातवंडं आली की फिरवायला. तिची ड्रॉइंग परवा दाखवली मला. खाली एकट्या त्याची सही, नेव्हल आर्किटेक्ट. पावसात ती होडी ठेवायला शेड पाहिजे म्हणतो, तिचं स्केच त्याने न सांगताच माझ्याकडे तपासायला ठेवलंय.